नेट आहे, फोन आहे, पण बसून बोलायला खोली कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की ऑनलाइन समुपदेशन हे शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ आहे, घरात बापाचा धाक असला की पोरांना असलं काही लागत नाही. काकांचा राग मला कळतो. वर्षभरापूर्वी मी पण दुकानात बसून हेच बोलत होतो, जवळजवळ ह्याच शब्दांत. म्हणूनच हे पत्र लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, जागा नसेल तर कापा, पण खोलीबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती.

मी औशाचा, जिल्हा लातूर. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं काम, २२ वर्षं झाली. घरात आई, मिसेस, मोठा मुलगा, धाकटी मुलगी. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी.

पोराला १० वीला ९४ टक्के पडले. लातूर इथून २० किलोमीटर, आणि लातूरला पोरगं टाकलं की डॉक्टर होतंच असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो, लातूर पॅटर्नचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात. जून २०२४ ला ११ वीला तिथं होस्टेलवर टाकला, नीटच्या क्लासला. फीसाठी आईने पाटल्या मोडल्या. हे मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल त्याचा हिशोब नाही. फोनवर पहिला प्रश्न, टेस्टला किती पडले. दुसरा प्रश्न, बाकीच्यांना किती पडले. तिसरा प्रश्न नसायचाच, कारण तोवर तो म्हणायचा पप्पा ठेवतो, लेक्चर आहे.

दिवाळीला घरी आला तो दुपारी बारापर्यंत झोपायचा आणि रात्रभर मोबाईल. भाऊबीज झाली, परत जायचा दिवस आला, बॅग भरलेली नाही. मी दुकानातून जेवायला आलो, बॅग तशीच बघितली आणि डोकं फिरलं, त्याच्या कानाखाली मारली आणि मोबाईल फरशीवर आपटला. सोळा वर्षांच्या पोराला त्याच्या बहिणीसमोर मारलं. तो काहीच बोलला नाही. आतल्या खोलीत गेला, कडी लावली, दोन दिवस नीट जेवला नाही. आम्ही म्हणलं रुसलाय, येईल लायनीवर. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला धाकटी मिसेसपाशी आली आणि हळूच म्हणाली, दादा म्हणतोय मी नसलो तर पप्पांचे पैसे वाचतील.

संपादक साहेब, त्या वेळेला कुणाला फोन करावा हेच माणसाला सुचत नाही. भावाला करावा तर उद्या गावभर होईल. क्लासवाल्यांना करावा तर ते फीचं बोलतील. पोरीच्या शाळेच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर लिहिलेला होता, तो तिच्या लक्षात होता, बारा वर्षांच्या पोरीने आम्हाला नंबर सांगितला. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मला तोवर माहीत नव्हतं. मिसेसने फोन लावला, तिला बोलता येईना, मग मी घेतला. पलीकडं एक बाई होत्या, आवाज अगदी शांत. मी पाटल्यांपासून चालू केलं, त्यांनी मधेच थांबवून विचारलं, मुलगा आत्ता कुठे आहे, एकटा आहे का, दार आतून लावलंय का. मग विचारलं घरात फवारणीचं औषध आहे का. होतं. भावाच्या शेतातलं, पडवीत पोत्यामागं ठेवलेलं, सगळ्यांना माहीत. त्या म्हणाल्या फोन चालू ठेवून आधी ते उचला आणि घराबाहेर कुलपात ठेवा, मग आपण बोलू. मी ते दुकानात नेऊन कुलूप लावलं आणि परत आलो तेव्हा मिसेस त्याच्या शेजारी बसली होती, दार उघडलेलं होतं. त्या बाईंनी सांगितलं होतं की त्याला रागावू नका, समजावू पण नका, फक्त म्हणा की बहिणीने सांगितलं, आम्ही घाबरलो, आम्ही इथेच बसतोय. आमच्या मराठवाड्यात ज्या घरात फवारणी होते त्या प्रत्येक घराला हे एवढं तरी माहीत पाहिजे, औषध कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाकडं. काका जो धाक म्हणतात तो त्या रात्री माझ्याकडं भरपूर होता, त्याचा काय उपयोग होता सांगा.

त्यांनीच सांगितलं की उद्या समोरासमोर डॉक्टरला दाखवा, अशा वेळी नुसत्या फोनवर भागवू नका. दुसऱ्या दिवशी लातूरला मानसोपचार डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नीट तपासलं, थोड्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले गोळ्यांनी झोप आणि मन थोडं सुधारेल, पण ह्याच्याशी आणि तुम्हा सगळ्यांशी मिळून कुणीतरी बसून बोललं पाहिजे, आणि ते एकदा करून होणार नाही. बाहेर बाकड्यावर चाळीस एक माणसं बसलेली. डॉक्टर तरी किती बोलणार. देशात १ लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पूर्ण भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या दर १०० पोरांत ७ जणांना मनाचा काही ना काही आजार सापडला होता. त्यांच्या घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून बोलणारं माणूस तालुक्याला कुठून मिळणार. पुण्याला जायचं तर रात्रभराचा प्रवास, चार जणांचं भाडं, लॉजचा खर्च, दुकान दोन दिवस बंद, आणि हे दर आठवड्याला, नाही जमत. म्हणून ऑनलाइन बघितलं.

पहिला अनुभव वाईट आला. एका अॅपवर पैसे भरले, नाव घेत नाही. समोर आलेला मुलगा स्वतःला वेलनेस कोच म्हणायचा, अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी. वीस मिनिटांत त्याने माझ्या पोरासमोर सांगितलं की तुझे पॅरेंट्स टॉक्सिक आहेत, तू बाउंड्री सेट कर. मिसेसला शब्द कळला नाही, तिने मला विचारलं काय म्हणले, मी सांगितलं नाही. बारा सेशनचं पॅकेज घ्या म्हणून दुसऱ्या दिवसापासून फोन चालू झाले. आणि तेव्हापासून माझ्या मोबाईलवर पालकत्वाच्या कोर्सच्या जाहिराती यायला लागल्या, त्याचा संबंध असेल नसेल मला सिद्ध करता येणार नाही. पण अमेरिकेत बेटरहेल्प नावाच्या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातीसाठी दिली असा ठपका तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले, हे खरं आहे. तेव्हा आपल्या घरातलं रडणं आपण कुठं ओततोय हे बघितलं पाहिजे.

दुसऱ्यांदा मात्र मी मोटारीचं कॉपर घेताना जसं तपासून घेतो तसं तपासलं. पुढच्या माणसाचे पैसे वाचावेत म्हणून सांगतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं नोंदणी लागते, नोंदणी नंबर मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर बघा. मानसोपचार डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलची नोंदणी. नुसतं समुपदेशक किंवा कौन्सेलर किंवा कोच असं पाटीवर लिहायला आपल्याकडं आजही कुणीही मोकळं आहे. मानसशास्त्रात एमए करून चांगलं काम करणारे भरपूर आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण विचारायला लाजू नका की कुठं शिकलात, कुटुंबाबरोबर काम किती वर्षं केलंय, तुम्हाला अडलं तर तुम्ही कुणाला विचारता. चांगलं माणूस ह्या प्रश्नाने चिडत नाही. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल हेल्पलाइन २०१२ पासून चालते, ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीत हे काम करते, अशा ठिकाणी विचारून सुरुवात केली तरी चालेल.

आम्हाला मिळालेल्या मॅडम ठाण्याच्या. ४५ मिनिटांचे ९०० रुपये. माझ्यासाठी कमी नाहीत, दोन लहान मोटारींची मजुरी गेली. पण पहिल्याच दिवशी त्यांनी आधी विचारलं की तुम्ही आत्ता नक्की कुठं बसलाय तो पत्ता सांगा, जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर द्या, कॉल कटला तर मी करीन, तुम्ही करू नका. मग सांगितलं, मुलगा एकटा माझ्याशी जे बोलेल ते तुम्हाला कळणार नाही, फक्त त्याच्या जिवाला धोका वाटला तर मी तुम्हाला लगेच सांगणार आणि हे त्याला पण माहीत आहे. मला हे जड गेलं. पैसे मी देतोय आणि माझं पोरगं काय बोललं ते मला नाही? दोन आठवडे मला झोप नव्हती. नंतर कळलं की तेवढी एक जागा त्याला मिळाली म्हणूनच तो बोलला.

आता खोलीचं सांगतो. सगळ्यात मोठी अडचण नेटची असेल असं मला वाटलं होतं. नेट आहे, औशात नेट चांगलं चालतं, लाइट गेली तर मोबाईलचा डेटा आहे. अडचण अशी की बोलायचं कुठं बसून. दोन खोल्यांत आई, धाकटी, शेजारची येणारी जाणारी. पहिल्या सेशनला मी आतल्या खोलीत बसलो तर बाहेरून आई विचारतीय, कुणाशी बोलालास रं एवढ्या हळू. शेजारच्या भिंतीतून त्यांचा टीव्ही ऐकू येतो म्हणजे आमचं त्यांना जात असणारच. मिसेस सासूबद्दल एक वाक्य बोलू शकली नाही तीन सेशन, कारण सासू पलीकडच्या खोलीत. मॅडमनी एक खूण ठरवून दिली, कुणी आत आलं तर म्हणायचं नळाला पाणी आलं का, म्हणजे त्या लगेच विषय बदलतील. त्या महिन्यात आमच्याकडं दर सेशनला तीन तीन वेळा पाणी यायचं.

मग मॅडमनीच सुचवलं, तिघं तीन ठिकाणी बसा. मी दुकानाच्या माळ्यावर, मिसेस देवळामागं बाकड्यावर इअरफोन लावून, पोरगा घराच्या गच्चीवर. आणि ह्याचा असा फायदा झाला जो एका खोलीत बसून झाला नसता. पोरगा कॅमेरा बंद ठेवायचा. मी चिडलो, पैसे काय काळा चौकोन बघायला देतोय का. मॅडम म्हणाल्या राहू द्या बंद. दोन सेशन तो फक्त हं म्हणाला. तिसऱ्याला मी माझंच लावलं होतं, किती कष्टाने टाकला, किती खर्च, आणि त्या चॅटच्या जागेत खाली अक्षरं आली, मला परत जायचं नाही. मग थोड्या वेळाने, मला बायो आवडत नाही. मग, तुम्ही मोटार खोलताना मी बघायचो ते आवडायचं. मी माळ्यावर वायरच्या रिळांमध्ये बसून ते वाचलं. तोंडाने हे तो मला ह्या जन्मात बोलला नसता, आणि मी समोर असतो तर पहिल्या वाक्यालाच मधे बोललो असतो. टाइप केलेलं मधे तोडता येत नाही, पूर्ण वाचावंच लागतं.

त्यांनी मला एक काम दिलं. दुकानाच्या वहीत मागच्या पानावर रोज लिहायचं की आज मुलाशी किती वाक्यं बोललो आणि त्यातली अभ्यास, मोबाईल, उठणं, जेवणं ह्यावरची सूचना किंवा चौकशी किती. पहिल्या दिवशी ३१ वाक्यं, त्यातली २८ सूचना नाहीतर चौकशी. मी दोनदा मोजलं. दुसरं काम, रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर असायचं पण त्या पंधरा मिनिटांत काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, काही सुधारायचं नाही. ऐकायला सोपं आहे, करून बघा. मी त्याला संध्याकाळी गाडीत घेऊन मोटारी पोचवायला जायला लागलो. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी बसून पोरं जास्त बोलतात, दोघांचे डोळे रस्त्यावर असतात म्हणून असेल. पहिले आठ दिवस गाडीत नुसतं इंजिन वाजायचं. नवव्या दिवशी शिवलीच्या रस्त्याला तो म्हणाला, पप्पा ती सबमर्सिबल सारखी जळते कारण त्यांचा व्होल्टेज कमी येतोय, आपण वाइंडिंग करून काय उपयोग. बरोबर बोलला होता. मी फक्त हो म्हणलो आणि गप्प बसलो, आणि मग तो गावापर्यंत बोलत होता.

आईला कसं आणायचं हा प्रश्न होताच, कारण घरात मी एक बोललो की ती त्याच्या हातात गुपचूप पैसे ठेवायची, रिचार्ज मारायला, आणि मिसेसचा राग तिथं होता. आम्हाला वाटलं ७२ वर्षांची म्हातारी मोबाईलसमोर बसणार नाही. तिला सांगितलं तर ती म्हणाली, किल्लारीच्या टायमाला पत्र्याच्या शेडात त्या बाया यायच्या बघ, बायकांशी बोलत बसायच्या, तसल्याच का ह्या? आमचं आजोळ त्या बाजूचं, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आईचा भाऊ आणि भावजय गेले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, मला शेड आठवतं, बाया आठवत नाहीत. आई म्हणाली त्या काही द्यायच्या नाहीत, नुसतं ऐकायच्या, पण ऐकून गेल्या की रात्री झोप लागायची. आणि ती सेशनला बसली, पदर नीट करून. मॅडमनी विचारलं आजी तुम्ही नातवाला पैसे का देता, तर ती म्हणाली ह्याच्या बापाला मी त्या वर्षी कधी जवळ घेतलं नाही, माझंच मला सुधरत नव्हतं, आता ह्याला घेते. मी तिच्या शेजारी बसलो होतो. ३१ वर्षांत हे आमच्यात कधी निघालं नव्हतं. मिसेसने त्या दिवशी पहिल्यांदा सासूचा हात धरला. त्या दिवसानंतर आई पैसे देते पण मिसेसला सांगून देते.

हे सेशन आम्ही दुकानाच्या वरच्या खोलीत केलं. मी भंगार काढून ती खोली रिकामी केली, सतरंजी टाकली, जुना लॅपटॉप आणला, कारण चार जण मोबाईलच्या चौकटीत मावत नाहीत आणि मॅडमना कोण कुणाकडं बघतंय, कोण मान खाली घालतंय हे दिसावं लागतं. लॅपटॉप वार्निशच्या डब्यावर, आम्ही भिंतीला टेकून. मॅडमनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर म्हणून होते, त्या काळी लोक पेशंटला सोडून जायचे ते परत यायचेच नाहीत. तर ह्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या आवारात तंबू ठोकले आणि घरच्यांना पेशंटबरोबर तिथं ठेवून घेतलं, उपचारात त्यांना सामील केलं. पेशंट लवकर बरे व्हायला लागले आणि घरचे त्यांना घेऊन जायला लागले. सत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने कुटुंबाला बसायला तंबू दिला.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. सरकारने टेलिमानस चालू केलं, त्याचं अॅप पण आलं, शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई घरोघरी जातात. हे सगळं चांगलं आहे, मी त्याच्याच जोरावर आज हे लिहितोय. आता प्रत्येक तालुक्याला, सरकारी दवाखान्यात म्हणा, सार्वजनिक वाचनालयात म्हणा, एक बंद होणारी खोली द्या. एक टीव्हीएवढी स्क्रीन, कॅमेरा, वायफाय, चार खुर्च्या, पाण्याचा माठ, आणि दाराबाहेर आवाज जाणार नाही असं दार. तासाच्या हिशोबाने नोंद करून मिळेल अशी, आणि रजिस्टरमध्ये कारण लिहायला लागणार नाही. दारावर मानसिक वगैरे पाटी लावू नका, अभ्यासिका लिहा, बैठक लिहा. त्या खोलीतून बाई सासरच्या कानाआड बोलू शकेल, पोरगं बापाच्या कानाआड बोलू शकेल, आणि ज्यांना एकत्र बसायचंय ते एकत्र बसतील. ह्याला कोट्यवधी लागत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिलाय ना, मग दोन खोल्यांच्या घरात ती गुप्तता कुठून आणायची ते पण बघा.

बाईचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्या घरात मारहाण आहे तिथं नवरा बायकोला एका कॅमेऱ्यासमोर बसवू नये, हे मॅडमनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं आणि माझ्या त्या थपडेमुळं पहिल्या सेशनला मिसेसला आणि पोराला वेगवेगळं घेऊन विचारलं होतं की घरात अजून काही होतं का. मला तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं प्रत्येकाने विचारावं. लेकरांसाठी १०९८ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, तो पण घरात लिहून ठेवा. आणि पोरगं स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर ऑनलाइनची अपॉइंटमेंट बघत बसू नका, जवळच्या दवाखान्यात घेऊन जा.

क्लासवाल्यांबद्दल एकच. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत, कोचिंगमध्ये सुद्धा, किमान एक शिकलेला समुपदेशक पाहिजे. माझा मुलगा होस्टेलला होता तोवर तिथं कुणी त्याला विचारलं नव्हतं की तू जेवतोस का. लातूरात आपली पोरं टाकणाऱ्या आईबापांनी ॲडमिशनच्या वेळी फीच्या आधी हा प्रश्न विचारावा, समुपदेशक कोण, कुठल्या खोलीत बसतात, ती खोली दाखवा. मी स्वतः विचारला नव्हता ही माझी चूक.

पोरगा आता औशातच १२ वी करतोय. गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून उन्हाळ्यात बंद केल्या. डिप्लोमा इलेक्ट्रिकल करायचं म्हणतो. मोबाईल अजून बघतो रात्री, त्यावर भांडण होतं, अजून माझा आवाज चढतो, पण मी वहीत लिहितो. मागच्या आठवड्यात १४ वाक्यांपैकी ६ सूचना.

आमचं सेशन आता महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. बाकीचे दिवस ती दुकानावरची खोली रिकामीच असते, सकाळी ७ ते ९. गेल्या चार महिन्यांत गावातली दोन घरं तिथं बसून आपापल्या समुपदेशकांशी बोलून गेली, मी खाली शटर अर्धं ओढून कॉइल भरत बसतो, वर कोण आहे ते कुणाला सांगत नाही. लॅपटॉप आहे, वायफाय आहे, सतरंजी धुतलेली असते. मुलगा इथंच शिकतो म्हणून माझं नाव छापू नका, पण माझा नंबर तुमच्या लातूर ऑफिसला देऊन ठेवतोय. औसा किंवा आजूबाजूच्या गावातून कुणी खोलीसाठी विचारलं तर त्यांना नंबर द्या. पैसे लागत नाहीत. किल्ली बाजूच्या चहावाल्याकडं असते.

आपला,
एक वाचक, औसा (जि. लातूर)